गाण्यात पाय कुठे घ्यायचा

इकडे ये गं पोरी, जवळ बस. दाराशी काय बसून राहिली, गाडी चुकते का तुझी? येतेस तेव्हा घाईत येतेस, चहा उभ्याने पितेस, आणि वरून म्हणतेस, आजी, जुनं काही सांग. जुनं काय डब्यातले लाडू आहेत, झाकण काढलं नि हातावर ठेवला? आधी ती पर्स खांद्यावरून उतरव. मांडी घाल. हं, आता कसं माणसात आल्यासारखी दिसतेस.

मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. अक्षरं शिकले ती भावाची पाटी पाहून, आणि नंतर किराण्याच्या पुड्या सोडल्या की त्या कागदावर जे छापलेलं असे ते लावून लावून. त्यामुळे माझं लिहिणंही बोलल्यासारखंच. तोंड हलवल्याशिवाय हात हलत नाही माझा. पण एकदा या लिहिण्यानेच माझी फजिती केली होती, तेच सांगते.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माहेर तिरोड्याच्या पलीकडे, सासर बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावर. दोन्हीकडे धानच, तुम्ही भात म्हणता ते. म्हणजे चिखलातून उठून चिखलातच आले म्हण. सासरी घर भरलेलं होतं, पण घरावर आवाज चालायचा तो एकाच बाईचा. माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या भावाची बायको. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आम्ही सारे तिला मोठी माय म्हणायचो. उंचीने माझ्या खांद्याला लागे, पण हात बघशील तर पुरुषाचे. आणि गळा! बोलली तर घोगरा, गायली तर तीन बांध्यांपलीकडे जाणारा.

गावच्या रोवण्याची ओळ तिच्या गळ्यावर चालायची. तू शहरातली, तुला सांगावंच लागेल. पऱ्ह्यातली, म्हणजे दाट पेरलेल्या वाफ्यातली, धानाची रोपं उपटून, त्यांच्या पेंड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत ती पुन्हा खोवायची, म्हणजे रोवणा. बांधी म्हणजे शेताचा एक तुकडा, आणि त्याभोवतीचा मातीचा बांध म्हणजे धुरा. वीस-बावीस बाया एका रांगेत कमरेतून वाकतात. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या सोडवून चिखलात खोवायच्या. आणि चालायचं उलटं, मागे मागे. पुढे लावलेलं हिरवं वाढत जातं आणि आपण मागे सरकत जातो. आज तुमच्या बांधीत, उद्या आमच्या, अशा आम्ही बाया पाळीपाळीने एकमेकींचा रोवणा उरकायचो. पाठीवर पळसाच्या पानांचा मोरा, म्हणजे पाऊस अडवायचं झापच, आणि मोठी माय रांगेच्या मधोमध. ती एक ओळ टाकायची, आम्ही सगळ्या मिळून ती झेलायचो.

"बगळी बसली धुऱ्यावर, पांढरं तिचं लुगडं," ती म्हणायची.

"हो बाई हो, रे माय हो," आम्ही.

"चिखलात राहून तिला डाग कसा ना पडं."

"हो बाई हो, रे माय हो."

मग बगळीला सासू येई, सासूला नणंद मिळे, बगळीच्या लुगड्याची चौकशी गावभर होई, आणि बांधी कधी संपली ते कमरेलाही कळत नसे. मासोळीचं गाणं होतं, भावाच्या बैलाचं होतं, एक तर नुसतं भांडणाचंच होतं, दोन जावांचं. ते लागलं की माझी मोठी जाऊ माझ्याकडे बघून मुद्दाम जोरात गायची. ही सगळी गाणी मोठ्या मायला तिच्या सासूने दिलेली, तिला कुणी दिली ते कुणाला ठाऊक नाही. लिहिलेलं एक अक्षर नव्हतं.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. रोवण्याच्या आदल्या महिन्यात मोठी माय धुऱ्यावरून घसरली आणि कमरेच्या हाडावर पडली. वैदू झाला, तिरोड्याचा डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणाला, बाई चालेल हळूहळू, पण वाकणार नाही. बाजेवर पडल्या पडल्या तिने ते ऐकलं आणि मला म्हणाली, "वाकणार नाई म्हणजे मेलीच ना मी."

"असं काऊन बोलता, मोठी माय?"

"मंग कसं बोलू? माह्या पोटी पोर नाई. जे होतं ते हेच होतं, गायनं. ते कोणाले देऊ? या बाया झेलते, टाकत कोनी नाई."

खरंच होतं ते. आम्हा सगळ्यांना झेलायची सवय, टाकायची कुणालाच नाही. पुढची ओळ येणारच, हा भरवसा. मग ती ओळ आपल्याला येते की नाही, कुणी तपासून बघितलं नव्हतं. मी बाजेजवळ बसून मनातल्या मनात बगळीचं गाणं म्हणून बघितलं. चौथ्या ओळीवर अडकले.

मी म्हटलं, मोठी माय, मी लिहून घेते. मला येतात अक्षरं.

तुझ्या आजोबांनी गोंदियाच्या बाजारातून एक वही आणून दिली. त्या काळी घरात वही म्हणजे काय अप्रूप! जाऊबाई म्हणाल्या, "आता हे चूल सोडून कारकून होते." मी कान दिला नाही. दुपारी मोठ्या मायच्या बाजेशी वही घेऊन बसले आणि म्हटलं, सांगा.

तिने डोळे मिटले, उघडले. "बगळी बसली..." म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

"येत नाई."

"अवो, हजारदा गायलं तुम्ही."

"चिखलात गायली. अशी पडून कोनी गाते का?" मग म्हणाली, "एक काम कर. परात आन. त्यात मऊ चिखल घाल."

जाऊबाई दारातून बघतच राहिल्या. मी बोडीवरून, म्हणजे शेततळ्यावरून, चिखल आणला, परातीत भरला, वर थोडं पाणी ओतलं, आणि पऱ्ह्यातली चार रोपं आणून तिच्या हातात दिली. मोठी माय कुशीवर वळली, परातीत हात घातला, एक काडी खोवली, दुसरी खोवली, आणि गाणं आलं की गं! धरणाचं पाणी सोडावं तसं. तिच्या हाताला सगळं पाठ होतं, तोंडाला नव्हतं. रोज दुपारी परात भरायची, रोज एक-दोन गाणी. पायरीवर चिखलाचे शिंतोडे बघून जाऊबाई म्हणायच्या, "धान घरातच लावायचं असल तं बांधी विकून टाका."

वही पातळ होती आणि गाणी फार. मी लिहायला बसले तेव्हा विचार केला, हे "हो बाई हो, रे माय हो" प्रत्येक ओळीनंतर कशाला लिहायचं? त्यात काही सांगितलेलं नाही. बगळी त्यात नाही, सासू त्यात नाही. कागद वाया. ते सगळं गाळलं आणि नुसत्या ओळी एकाखाली एक लिहिल्या. दिसायलाही किती सुंदर दिसत होतं, शाळेच्या पुस्तकातल्या कवितेसारखं! अकरा गाणी झाली. मी ती पाठ केली. दळताना, भांडी घासताना, पाणी आणताना वहीतल्या ओळी एकामागून एक म्हणत सुटायची. मोठी माय बाजेवरून ऐकायची आणि मान हलवायची. खुशीत होती. पडल्यापासून पहिल्यांदा तिने त्या दिवसांत पोटभर पेज घेतली.

आणि रोवणा आला. पहिली पाळी आमच्याच बांधीची. बाया रांगेत उभ्या राहिल्या, मधली जागा रिकामी. कुणीतरी म्हणालं, "आता कोन?" मी पदर खोचून मधे जाऊन उभी राहिले.

ओळ टाकली. बरोबर टाकली. बायांनी "हो बाई..." उचललं, पण मला वाटलं, मी थांबले तर म्हणतील, विसरली. म्हणून त्यांचं "रे माय हो" संपायच्या आधीच मी पुढची ओळ टाकली. त्यांनी पुन्हा उचललं, मी पुन्हा वरून टाकली. दोन-चारदा असं झाल्यावर त्यांनी ते सोडूनच दिलं आणि माझ्याच मागे ओळी म्हणू लागल्या. मी तर हवेत. वहीसारखं चाललं होतं ना, सलग, एकही शब्द न चुकता! एका बांधीत तीन गाणी झाली. मोठ्या मायच्या वेळेला एक व्हायचं.

जाऊबाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या, "आगगाडी पकडायची आहे का वो बाई? श्वास तं घेऊ दे!"

मला वाटलं, जळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे आजोबा बांधीवरून परत आले आणि अंगणातच उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चल, पाहून घे."

अगं पोरी, बांधीत रोपं तरंगत होती. एक-दोन नाही. जिथे बघावं तिथे मुळं वर करून पाण्यावर पडलेली. रांगा अशा वाकड्या की साप गेला म्हणावं. मला आधी कळेच ना. मग चिखलात हात घातला तेव्हा कळलं. रोपं पावलांच्या खड्ड्यांत लावली गेली होती. उलटं चालताना पाय जिथून उचलतो तिथे खड्डा पडतो, त्यात काडी खोवली तर धरत नाही, रात्रभरात वर येते. म्हणून सगळ्यांनी पाय एकदम उचलायचा, एकदम मागे टाकायचा आणि मग कोऱ्या चिखलात लावायचं, असा नेम. आदल्या दिवशी ज्या बाईला जेव्हा जमलं तेव्हा तिने पाय घेतला होता. हिच्या खड्ड्यात तिची काडी, तिच्या खड्ड्यात हिची.

अर्धी बांधी पुन्हा लावावी लागली. बाया आल्या, पण तोंडं शिवल्यासारखी. एकजण म्हणाली, राहू द्या गाणं, मुक्यानेच लावू. दुसरीने गोंदियाच्या टॉकीजात ऐकलेलं सिनेमाचं गाणं काढलं, तर निम्म्या जणी हात थांबवून तेच ऐकत राहिल्या. शेवटी चूप. नुसता चिखलाचा आवाज. त्या दिवशी कंबर जशी दुखली तशी बाळंतपणातही दुखली नव्हती.

घरी आल्यावर मोठ्या मायने विचारलं, "शब्द चुकली का तू?"

"नाही. एक नाही चुकले. वही दाखवू?"

"मले काय दाखवते? तू वाच." मी वाचलं. ती ऐकत राहिली. "बरोबरच तं आहे," ती म्हणाली. तिलाही कळलं नाही गं. मग भिंतीकडे तोंड केलं. "जाऊ दे. माह्यासंगंच जाईल ते. बाया मुक्या लावतील, तं मुक्या लावतील."

तिने पुन्हा जेवण टाकलं. दोन दिवसांनी गावातली सगळ्यात मोठी बांधी लावायची होती, सात-आठ जणींच्या पाळ्या एकत्र करून. तिथेही मुक्याने लावलं असतं तर मग पुढच्या वर्षी कुणी गाणं काढलंच नसतं. लोकांना सवय लागायला काय, एक हंगाम पुरतो.

आमच्या अंगणाला लागून शाळेच्या गुरुजींची खोली होती. गावातला एकुलता एक रेडिओ त्यांच्याकडे, पेटीएवढा, बॅटरीवर चालणारा. दिवेलागणीला ते तो ओट्यावर आणून ठेवायचे, गडीमाणसं खाली बसायची, आम्ही बाया आमच्या अंगणातून कुडाआडून ऐकायचो. सिलोनहून हिंदी गाणी लागायची, त्यासाठी सगळी गर्दी. त्या संध्याकाळी मोठ्या मायची बाज आम्ही अंगणात काढली होती, वारा लागावा म्हणून. हिंदी गाण्यांची वेळ संपली. गुरुजी काटा फिरवत होते, खरखर, शिट्ट्या, आणि मधेच बायांचे आवाज आले. पेटी नाही, तबला नाही. एक बाई ओळ टाकत होती, बाकीच्या झेलत होत्या. भाषेतला एक शब्द कळेल तर शपथ.

"लावा ना गा गुरुजी दुसरं काही," कुणीतरी म्हणालं.

"राहू द्या!" मोठी माय बाजेवरून ओरडली. इतक्या दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता आम्ही. गुरुजींचा हात काट्यावरच थांबला.

मी बघितलं तर तिची बोटं बाजेच्या माच्यावर चालत होती. एक, दोन, तीन, चार. मग टाच हलली. पुन्हा एक, दोन, तीन, चार. पुन्हा टाच.

"घेतला," ती म्हणाली. "पाय घेतला त्यायनं. आयक."

गुरुजी कुडाजवळ आले. "मोठी माय, ही सिंहली आहे. सिलोनच्या लोकांची बोली. तुम्हाला यातलं काय समजून राहिलं?"

"बोली कोनाले समजते? बाया रोवण्यात आहेत, एवढं समजते."

गुरुजी हसले. "तिकडे चारी बाजूंनी समुद्र आहे. नावेतही गात असतील त्या."

"नावेत बसलेली बाई असा दम घेते का गा? पोट दबलं आहे त्यायचं. कमरेतून वाकल्या आहेत." आणि मला म्हणाली, "तू आयक. शब्द आयकू नको, तुले येतच नाई ते. बाकीचं आयक."

मी डोळे मिटून ऐकलं. शब्द नाहीतच म्हटल्यावर दुसरं काय उरतं? एक बाई सांगून जायची. मग सगळ्या मिळून तेच ते एक काहीतरी म्हणायच्या, पुन्हा पुन्हा तेच, त्यात काही सांगणं नसावं, नुसता सूर लांबवलेला. आणि तिथे सगळ्यांचा श्वास एकदम जायचा. पाय उचलताना जातो तसा. त्यांचंही "हो बाई हो" होतं ते. आणि मी वहीत नेमकं तेच गाळलं होतं.

"मोठी माय," मी म्हटलं, "हो बाई हो मधे पाय घ्यायचा असतो."

ती तोंडातल्या तोंडात ओळ म्हणाली, बोटं चालवली, मग "हो बाई हो" म्हणताना टाच हलवली. दोनदा करून बघितलं. "अवो माय," ती म्हणाली, "जलमभर गाऊन राहिली मी, मले काऊन नाई समजलं हे?"

"तुमच्या पायाला माहीत होतं ना."

"आन तू ते लिवलंच नाई?"

"मला वाटलं, त्यात अर्थ नाही."

मोठी माय हसली. कंबर दुखेपर्यंत हसली. "शिकली सवरली माही सून," म्हणाली. "सारं लिवलं, पाय लिवाचा राहिला."

आता त्या बाया खरंच रोवणा करत होत्या की समुद्रावर होत्या, मला आजही माहीत नाही. गुरुजींनाही माहीत नव्हतं. पण त्यांच्या आयांनीही कुणाकडून तरी घेतलंच असेल ना ते, आणि कुणीतरी जपलं म्हणून तर आमच्या कुडापर्यंत आलं.

दुसरा अख्खा दिवस मी अंगणात उलटी चालत होते. मोठी माय बाजेवरून ओळ टाकायची आणि मी वाकून, रिकाम्या हाताने खोवत, "हो बाई हो" ला पाय मागे. ओळ संपल्यावर थांबायचं, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. थांबले की भीती वाटे. ती म्हणायची, "भिऊ नोको. तितं तुहं काम नाई, तितं बायांचं आहे. तेवढं त्यायले दे." जाऊबाई भांडी घासता घासता बघत होत्या. दुपारून हात धुऊन आल्या, माझ्या बाजूला वाकल्या आणि म्हणाल्या, "एकटीनं रांग होते का? सरक थोडी." त्या दिवशी भांडणाचं गाणं आम्ही दोघी जावा मिळून घोटलं.

मोठ्या बांधीच्या दिवशी मोठी माय ऐकेचना. बैलगाडीत गवत टाकून तिला नेलं, धुऱ्यावर मोरा उभा करून त्याच्या आडोशाला टेकवून बसवलं. मी मधे उभी राहिले. कुणी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणणारीही जाऊबाईच एकटी.

बगळी टाकली. आणि थांबले. पोरी, तेवढा वेळ मला विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटलं. मग बायांनी "हो बाई हो, रे माय हो" उचललं, आणि चिखलातून वीस-बावीस पाय एकदम निघाल्याचा आवाज झाला. दुसरी ओळ. पुन्हा तो आवाज. तिसऱ्या ओळीनंतर झेलणाऱ्यांत एक घोगरा गळा मिसळला. मी मान वर करून बघितलं. धुऱ्यावर मोठी माय डोळे मिटून, मांडीवर बोटं चालवत, "हो बाई हो" म्हणत होती. इतकी वर्षं टाकणारी बाई, त्या दिवशी माझी ओळ झेलत होती.

मला रडू आलं, पण रडायला सवड कुठे? पुढची ओळ टाकायची होती.

बांधी संपली तेव्हा तिच्याजवळ गेले. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. तर म्हणते, "मासोळीच्या पयले बैल कायले आनला? बैल मागून येते." मग माझ्या पदराने माझ्याच तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "भूक लागली. शिदोरीत काय आनलं?"

त्यानंतर ती आणखी काही हंगाम होती. दर वर्षी धुऱ्यावर बसून झेलायची आणि घरी आल्यावर चुका काढायची. माझ्याकडून ती गाणी जाऊबाईंच्या लेकीने घेतली, शेजारच्या दोघी-तिघींनी घेतली. सगळी नाही घेतली कुणी. तीन गाणी अजून अशी आहेत जी माझ्याशिवाय कुणाला टाकता येत नाहीत, आणि आता माझेही गुडघे उतरायला नको म्हणतात.

म्हणून म्हणते, इथे घरात बसून तुला काही देता यायचं नाही. पऱ्हे तरारून आलेत, आठ-दहा दिवसांत उपटायला लागतील. जुनी साडी घेऊन ये, चांगली आणू नकोस. बाप म्हणाला सुट्टी नाही, तर त्याला म्हण आजीने बोलावलं आहे. मी धुऱ्यावर बसते, तू खाली उतर. पण लवकर ये गं, या रोवण्यालाच ये.